थंडी सरताना भिलाईत

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी ठाणी मागे टाकत भिलाईत शिरते, तेव्हा प्रवाशाला आधी धुरांडी दिसतात आणि मग झाडे. पॉवर हाऊस स्टेशनवर उतरून सेक्टरांच्या दिशेने वळले की मात्र उलटे होते. झाडे पुढे येतात आणि धुरांडी मागे राहतात. सरळ रेषेतले रस्ते, दुतर्फा गर्द सावली आणि प्रत्येक क्वार्टरपुढे पेरूचे किंवा आंब्याचे एखादे झाड. माझी ताई अशाच एका क्वार्टरमध्ये गेली कित्येक वर्षे राहते.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिला. त्याचा करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. आपली आगगाडी ज्या रुळांवरून धावते, त्यांतले पुष्कळसे इथेच घडलेले असतात. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या भागात मराठी घरे नवी नाहीत. छत्तीसगड राज्य तर पुढे 2000 साली झाले.

यंदा फेब्रुवारीत गेलो तो रविवार होता. अंगणात ताईची तुळस, तिच्या शेजारी वर्तमानपत्र अंथरलेले आणि त्यावर पाने, ब्रश, चिंध्या, तेलाची बाटली मांडून ठेवलेली. भाचा मोटारसायकलपुढे उकिडवा बसला होता. भाऊजी कारखान्यातून निवृत्त झालेले. ते खुर्चीवर बसून नुसते पाहत होते.

"मामा, आज तुम्हाला चहा उशिरा मिळेल. आईसुद्धा टॉर्च धरायला लागणार आहे," भाचा हसून म्हणाला.

या रविवारामागे एक कथा आहे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तो मित्राकडे दल्ली-राजहराला गेला होता. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारे हे गाव दक्षिणेला 80-90 किलोमीटरवर आहे. वाटेत बालोद लागते, जवळच तांदुळा नदीवरचा जुना जलाशय. रस्ता सुंदर, पण खाणीजवळची माती तांबडी आणि कपड्याला लागली की न सुटणारी. पहाटे परतताना धुके होते. एका वळणावर गाडीची चेन उतरून मागच्या चाकात अडकली. गाडी घसरली, त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. मागून येणारा ट्रकवाला वेळेवर थांबला, म्हणून आज आम्ही हे सांगतो आहोत.

चेन दोन महिने ढिली होती. रोज सहाच्या पाळीला जाण्याच्या घाईत तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. भाऊजी त्याला एक शब्दही रागावले नाहीत. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा त्यांनी फक्त पान्यांचा डबा त्याच्यापुढे ठेवला. तेव्हापासून थंडी सरली की एक रविवार मोटारसायकलचा.

थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचे लोखंड खाते. आपल्याकडे ती भीती नाही. पण रात्रीचे दव आणि त्यावर बसणारी धूळ यांचा चिखल मडगार्डच्या आत चिकटून राहतो आणि तिथेच गंज धरतो. म्हणून पहिले काम धुण्याचे. इंजिन थंड झाल्यावर, सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिक बांधून, बादली आणि चिंधीने धुवायचे. पाइपाचा जोरदार फवारा चाकाच्या मधोमध मारला, तर बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते. धुतल्यावर सायलेन्सरवरचे प्लास्टिक आठवणीने काढावे.

मग चेन. गाडी मोठ्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन पूर्ण बंद. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटे गमावलेली माणसे प्रत्येक गावात असतात. रॉकेल किंवा चेनसाठी मिळणारे क्लीनर ब्रशने लावायचे, कोरडी पुसायची आणि आतल्या बाजूने 90 नंबरचे गिअर ऑइल सोडायचे. खालच्या बाजूची चेन मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहायची. साध्या शंभर सीसी गाडीला साधारण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल योग्य, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासावे, कारण चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. दोन्ही बाजूंच्या खुणा समान असाव्यात. शेवटी एक्सलचा नट घट्ट करावा. चेन सरकवली की मागच्या ब्रेकचा पेडलही बदलतो, तो पुन्हा जुळवावा लागतो.

"हेच लोक विसरतात," भाऊजी पहिल्यांदाच बोलले.

आता तेल. दोन-तीन किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याचे इंजिन हिवाळ्यात पुरते तापतच नाही. आतली वाफ पाणी होऊन तेलात मिसळते. काढलेले तेल दुधाळ दिसले तर ते याचेच लक्षण. इंजिन थोडे गरम करून तेल काढावे आणि पुस्तकात लिहिले तेवढेच नवे घालावे. जुने तेल गटारात ओतू नये, गॅरेजवाल्याला द्यावे.

एअर फिल्टर स्पंजचा असेल, तर धुऊन, न पिळता दाबून कोरडा करावा आणि थोडे तेल लावावे. कागदी असेल तर बदलावा. बॅटरीला झाकणे असतील तर डिस्टिल्ड पाण्याची पातळी रेघांच्या मध्ये ठेवावी. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी पाहावी. तापमान 10 अंशांनी वाढले तर दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये, थंड झाल्यावर ती कमी भरते.

ब्रेकचे ड्रम मात्र आम्ही उघडले नाहीत. आतली धूळ फुंकून उडवणे छातीला वाईट, ते काम कारागिराकडे.

अडीच तासांनी गाडी चमकली. ताईने चहा आणला, भाच्याने हात धुतले. भाऊजी उठले, खाली वाकून चेन बोटाने दाबून पाहिली आणि काही न बोलता आत गेले.

सोमवारी पहाटे सव्वापाचला मला जाग आली. दारात ताई उभी होती. भाचा बूट घालत होता. ती म्हणाली, "हवा बघितलीस?"

"बघितली, आई."

गाडी एकाच किकमध्ये सुरू झाली. रस्त्याच्या टोकाशी दिवा वळेपर्यंत ती दारातच उभी राहिली आणि मग तुळशीला पाणी घालायला गेली.