अब्बांच्या आजाराचं नाव

स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. माझ्यासमोर सहावीतल्या एका मुलाचा मराठीचा पेपर होता. पहिलं पान सुरेख, पुढे सगळी उत्तरं अर्धवट. शेजारच्या सरांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आपा, त्याची आईच डोक्याने कमी. पोराचं डोकं कुठून चालणार?" दोघं-तिघं हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

त्या मुलाच्या अम्मीला बायपोलर आहे. पालकसभेनंतर तिनेच मला हळूच सांगितलं होतं. आणि मी गप्प बसले, कारण माझ्या अब्बांनाही तोच आजार होता.

आमच्या लहानपणी घरात त्या आजाराला नाव नव्हतं. कधी अब्बा रात्री अडीच वाजता आम्हाला उठवून घर रंगवायला काढायचे, उधारीवर एकदम तीन शिलाई मशिनी आणायचे. मग कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मोहल्ल्यात कुणी साया म्हणायचं, कुणी नजर. दर्ग्याचे धागे झाले, ताविज झाले. खूप उशिरा एका डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं आणि घर सावरलं. मग एका रमजानमध्ये अब्बांनी कुणाला न विचारता गोळ्या सोडल्या. तरावीह आणि सहरीमुळे झोपही तुटलेली. ईदच्या आधीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आजारी माणसाला रोज्याची सूट कुरआननेच दिली आहे. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषध रक्तात वाढून धोका होतो. म्हणून रोजे ठेवायचे की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारायला हवं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

अब्बा दारात चपला कशा काढतात, यावरून आजचा दिवस कसा जाणार हे मला कळायचं. वर्गात मात्र पाढे विसरायचे. बाई विचारायच्या, "लक्ष कुठे आहे?" लक्ष होतं, पण ते घरी होतं.

बी.एड.ला मानसशास्त्राच्या पुस्तकात 'आनुवंशिक' हा शब्द वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही. पुढे जरा भरभर बोलले किंवा झोप उडाली की वाटायचं, आली आता माझी पाळी. माझा रिश्ता आला तेव्हा अम्मीने पाहुण्यांना सांगितलं, "त्या गोळ्या बीपीच्या आहेत."

बऱ्याच वर्षांनी मी याबद्दल नीट वाचलं. डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या 522 मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी 120 मुलांच्या आई किंवा वडिलांना बायपोलर होता. स्मरण, एकाग्रता, विचारांचा वेग अशा चाचण्यांत ही मुलं सर्वसाधारण मुलांच्या जवळपास बरोबरीने होती. इतर काही अभ्यासांत थोडा फरक दिसला आहे. मेंदूच्या स्कॅनमध्येही भावना हाताळणाऱ्या भागांत काही फरक नोंदले आहेत. पण ते गटाच्या सरासरीतले फरक. एका मुलाचा स्कॅन पाहून त्याचं भविष्य कुणी सांगू शकत नाही.

धोका नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे 10 टक्क्यांत या प्रकारचा आजार आढळला, इतर मुलांत 1 टक्क्याच्याही आत. चिंता, चिडचिड, मन न लागणं हेही या मुलांत जास्त दिसतं. म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. पण 100 पैकी 90 मुलांना तो आजार आढळला नव्हता, हेही त्याच आकड्यात आहे. इतकी वर्षं मी तो आकडा एकाच बाजूने वाचत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला विचारलं, "रात्री झोपलास का?" तो म्हणाला, "मिस, अम्मी सोतीच नहीं. मैं दरवाजे के पास बैठता." मी उरलेला पेपर त्याला शांतपणे पुन्हा लिहायला दिला. सगळी उत्तरं आली. त्याच्या अम्मीला डॉक्टरांकडे लवकर जायला सांगितलं आणि टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर लिहून दिला. मग तो पेपर सरांपुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, माझ्या अब्बांनाही हाच आजार होता." ते गडबडले. "आपा, मला तसं म्हणायचं नव्हतं." मी म्हटलं, "पण मुलांना ते तसंच ऐकू येतं."

त्या रात्री जेवताना मुलीने विचारलं, "नाना कशाच्या गोळ्या घ्यायचे?" बीपीच्या, हे उत्तर ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले आणि तिला आजाराचं खरं नाव सांगितलं.