१८० वॅटचा डबा आणि अकरा वर्षांचे फोटो

२०२४ च्या मे महिन्यात माझा कॉम्प्युटर जळाला. निम्मी चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. उरलेली निम्मी कोणाची, त्यासाठी ही पोस्ट. लांब आहे. पण घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

२०२० मध्ये एका मोठ्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला होता. बातम्या टाइप करायला झकास. मग आमचा धंदा बदलला. आता बातमी लिहून भागत नाही, व्हिडिओ लागतो. आठ मिनिटांचा व्हिडिओ बाहेर पडायला पाऊण तास लागायचा. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक कार्ड टाका." त्याच्याच ओळखीने एक मोठं कार्ड सेकंडहँड घेतलं. जळगावला आणलं, कॅबिनेट उघडलं, आणि तिथेच गाडी अडकली.

कार्डाला वेगळी आठ पिनची वायर हवी होती. माझ्या एसएमपीएसला ती नव्हतीच. डब्यावरचं लेबल मी चार वर्षांत पहिल्यांदा वाचलं : १८० वॅट. एकट्या कार्डाची भूक १७० वॅटची!

म्हटलं, एसएमपीएस बदलू. बाजारात फिरलो. साधा एसएमपीएस त्या कॅबिनेटमध्ये बसेना, त्याची खाचच वेगळ्या मापाची. बाजारातल्या एसएमपीएसचा मुख्य प्लग २४ पिनचा, कंपनीच्या मदरबोर्डवर १० पिनचा. एका दुकानात नऊशे रुपयांचा "५०० वॅट" एसएमपीएस मिळाला, सोबत एक कन्व्हर्टर. डबा कॅबिनेटच्या बाहेर ठेवला, वायरी आत सोडल्या. चाललं की! अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी दुपारी ऊन पंचेचाळीसच्या आसपास, लाईट दोनदा गेली-आली, आणि फट्ट. घरभर वास.

जाताना तो एसएमपीएस माझी हार्डडिस्क घेऊन गेला. २०१३ पासूनचे फोटो त्यात होते. बॅकअप? दुसऱ्यांना सांगत होतो, स्वतः घेतला नव्हता.

पंधरा दिवसांनी रावेर तालुक्यातून एका आबांचा फोन आला. "भाऊ, वादळात आमची केळी आडवी पडली तेव्हा तुम्ही फोटो काढले होते ना? विम्याच्या तक्रारीला लावायचेत." मी काय सांगणार? व्हॉट्सॲपवर एक बारीक, धुरकट फोटो सापडला, तोच पाठवला. मूळ फोटोत तारीख होती, वेळ होती. यात काहीच नाही. आबा "चालेल भाऊ" म्हणाले. मला ते अजून चालत नाही.

नंतर कामानिमित्त धुळ्याला गेलो तेव्हा कॉम्प्युटर गाडीत टाकून नेला. देवपुरात एक रिपेअरिंगवाला आहे, वयाने माझ्याहून लहान. "काय व्हयनं भाऊ?" म्हणत त्याने जळका डबा हातात घेतला, उचलून पाहिला आणि हसला. "वजन बघा. याच्यात माल आहे का? ५०० फक्त स्टिकरवर आहे."

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. एसएमपीएसचं काम घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणं. मदरबोर्डची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. सहा पिनची वायर आणखी ७५, आठ पिनची १५०. कंपनीचा एसएमपीएस १८० चा. प्रोसेसर ६५ चा, पण जोर लावला की थोडा वेळ शंभरच्या पुढे जातो. बोर्ड, डिस्क, पंखे वेगळे. राहिलं काय? कंपनीने मोजून-मापून शिवलेला सदरा आहे तो, पोट वाढलं की टाके उसवणारच.

दुसरं त्याने विचारलं ते अर्थिंगचं. घरी आल्यावर वायरमनकडून तपासलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट असावेत, आमच्याकडे वीसच्या वर निघाले. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहत नाही. आता दर आठवड्याला बादलीभर पाणी टाकतो.

त्याने साध्या मापाचं कॅबिनेट आणलं, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस लावला, समोरच्या बटणाची वायर स्वतः जोडून दिली. मोठं कार्ड मी विकलं. ७५ वॅटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालणारं घेतलं. व्हिडिओ आता बारा मिनिटांत निघतो.

विषय इथे संपला असता. पण काही महिन्यांनी बातमीसाठी साक्री तालुक्यातल्या एका शाळेत गेलो. संगणक कक्षाला कुलूप. आत दहा कॉम्प्युटर, त्यातले सहा कव्हरखाली. गुरुजी म्हणाले, "बिघडलेत. गावातला माणूस म्हणतो, पार्ट बसत नाही." मी मागे वाकून बघितलं. तोच आखूड डबा, तोच १० पिनचा प्लग. सहापैकी चारांचा फक्त एसएमपीएस गेलेला. दोन-तीन हजारांच्या पार्टसाठी मशीन भंगारात, आणि पोरं माउसचं चित्र पुस्तकात बघतात.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवलं, त्यामुळे कोणाचाही एसएमपीएस कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसायला लागला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या तयार मशीनसाठी ते माप सोडलं. जागा वाचते, वीज वाचते, ही कारणं खोटी नाहीत. पण वॉरंटी संपल्यावर गिऱ्हाईक अडकतं, हेही खरं. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली. शाळेतल्या कॉम्प्युटरचं नाव त्यात ठळक कुठे आहे? युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलला एकाच प्रकारचा चार्जिंग सॉकेट सक्तीचा झाला. म्हणजे ठरवलं तर होतं.

जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, शाळा समितीत बसणाऱ्या मित्रांना एकच विनंती. पुढच्या खरेदीच्या निविदेत दोन ओळी घाला : एसएमपीएस बाजारातल्या प्रमाणित मापाचा असावा, आणि सुटे भाग किमान सात वर्षं मिळतील अशी लेखी हमी असावी. याला जास्तीचा निधी लागत नाही, फक्त आधी वाचावं लागतं.

आणि घरी कार्ड टाकणार असाल तर आधी डब्यावरचे वॅट वाचा, प्लगच्या पिना मोजा, मग पैसे काढा. नऊशेचा "५०० वॅट" घेऊ नका. आज रात्रीच फोटोंची दुसरी कॉपी करा.

तुमच्या गावच्या शाळेत असे कॉम्प्युटर कव्हरखाली असतील तर मागच्या लेबलचा फोटो कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव नको, तालुका पुरे. यादी झाली की मी ती घेऊन जिल्हा परिषदेत जाणार आहे.