हलगी, जाते आणि आपला आवाज

"दादा, तुम्हाला चाल सुचते कुठून?" सोनपेठमधली पोरे एप्रिल जवळ आला की मला हे हमखास विचारतात. मी गायक नाही. मी आवाज गोळा करतो, लॅपटॉपवर जुळवतो आणि त्यातून गाणे उभे करतो. विचारणाऱ्याला वाटते, याच्याकडे एखादे भारी सॉफ्टवेअर असेल, नाहीतर अंगातच काहीतरी असेल.

या "अंगातच असेल"वर माझा आक्षेप आहे. प्रतिभा ही दैवी देणगी, घराण्याचा वारसा, गुरुकृपा, मागच्या जन्मीचे पुण्य असे आपल्याला शाळेच्या पहिल्या स्नेहसंमेलनापासून ऐकवले जाते. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हे का मानायचे? जन्माने श्रेष्ठत्व मिळते हे आपण माणसाच्या बाबतीत नाकारले आणि कलेच्या बाबतीत मात्र गुपचूप मान्य केले, असे कसे चालेल?

आपला इतिहास तर उलटेच सांगतो. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे घेऊन गावोगाव फिरले, कारण ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत महाडचा सत्याग्रह आणि काळाराम मंदिराचा लढा पोहोचवायचा होता. आधी गरज होती, चाल मागून आली. वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत लिहा-वाचायला शिकले. 1943 मध्ये त्यांनी केलेले पहिले गाणे एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. दुसऱ्याच्या चालीवर सुरुवात करणाऱ्या पोरांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता हलगीकडे येतो. इथे प्रश्न अवघड आहे. आमच्या घरी आजोबांची हलगी होती. गावात लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे. पुढे जाऊन वाजवायचे आणि जेवायला सगळ्यांच्या मागून, लांब बसायचे. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ती कायमची खाली ठेवली. वडिलांना तिचे नावही घरात चालत नसे. मी पहिल्यांदा हलगीचा आवाज एका गाण्यात घेतला तेव्हा ते म्हणाले, "ज्यातून आम्ही सुटलो ते तू परत घरात आणतोस का?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गावकीची कामे सोडणे हा चळवळीचाच कार्यक्रम होता. हलगी टाकणे हा त्या पिढीचा विद्रोह होता, आणि "लोककला वाचवा" म्हणणाऱ्या शहरी मंडळींना तो कधी कळत नाही. त्यांना वाद्य हवे असते, वाजवणाऱ्याची भूक नको असते.

तरीही मी वडिलांशी वाद घातला. हुकुमावर वाजवणे आणि स्वतःच्या मर्जीने वाजवणे यात फरक आहे. तामिळनाडूत परई हे वाद्य दलितांवर मयतीसाठी लादलेले होते. तिथल्या तरुणांनी तेच वाद्य मोर्चात आणले. पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने जानेवारी 2018 मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला, तेव्हा गाना, रॅप आणि ही वाद्ये एकाच मंचावर होती. अण्णाभाऊंनी तमाशाचा ढाचा घेतला आणि त्यातले गणपतीला वंदन काढून टाकले. साधन तेच ठेवले, मालक बदलला. वडील अजून पूर्ण पटले असे म्हणत नाहीत. मात्र हलगी शेकायची कशी, हे त्यांनीच दाखवले. ओल धरलेले कातडे ढिले पडते, आवाज भदभद येतो. पाचटाच्या जाळावर फिरवून तापवले की तोच आवाज कडकडीत निघतो. फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी आठ-दहा पावले लांब उभे राहावे, नाहीतर फोन तो ठोकाच दाबून टाकतो.

दुसरा झरा जात्याचा. गंगाखेड आमच्यापासून जवळ, जनाबाईंचे गाव. त्यांच्या अभंगांत दळण आहे आणि दळू लागायला विठ्ठल येतो. दुसऱ्या बाजूला माजलगाव. तिथल्या भीमनगरात 1996 मध्ये राधाबाई बोऱ्हाडे आणि इतर बायांनी जात्यावर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत, आणि 2017 पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. माजलगावच्या बायांच्या ओव्यांत विठ्ठलाच्या जागी भीमराव येतो. कोणत्या पुढाऱ्याने त्यांना हे शिकवले नव्हते. पहाटे दळता दळता त्यांनी स्वतः केलेले हे सांस्कृतिक परिवर्तन आहे. पीएचडीवाले त्यावर लिहितील तेव्हा लिहितील.

या ओव्या ऐकून मी माझ्या मोठ्या आईकडे गेलो. खुर्चीवर बसवून, समोर फोन धरून "म्हण" म्हटले तर तिला एकही आठवेना. मग शेजारून जाते आणले. खुंटा हातात आला आणि तासाभरात ओव्यांची रांग लागली. मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा हा. गाणे डोक्यात साठवलेले नसते, ते हाताच्या कामात असते. ऊसतोडीला गेलेल्या टोळीच्या कोयत्यात, मोळी बांधताना एकमेकींना मारलेल्या हाकेत मला जेवढे ताल सापडले तेवढे कोणत्याही सॅम्पल पॅकमध्ये नाहीत.

याचा अर्थ डीजे वाईट असा नाही. जयंतीला आमची पोरगी, पोरे बिनधास्त नाचतात, तो रस्ता एकेकाळी त्यांच्यासाठी बंद होता. नाचणे हाही हक्कच आहे. माझी तक्रार एवढीच की परभणीपासून मुंबईपर्यंत तोच एक बीट, तीच आरोळी. आपला इतिहास एवढा मोठा आणि आवाज एकच?

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतर न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात मला फोन आले, दोन दिवसांत गाणे करून दे. मी नाही म्हणालो. काहींना राग आला. माझे म्हणणे होते, दुःखाला नाचाचा बीट लावून पोस्ट टाकली की आपल्याला काहीतरी केल्यासारखे वाटते आणि प्रश्न तिथेच राहतो. मी तेव्हा फक्त सभांमधल्या आयाबायांचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवले. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. निकड असताना चळवळीने लगेच गायलाच पाहिजे, असे मानणारे माझे मित्र आहेत आणि जलशाचा दाखला त्यांच्याही बाजूने देता येतो. हा वाद आपण उघडपणे घालू.

तोवर ज्यांच्या घरात ओवी येणारी म्हातारी आहे त्यांनी एवढे करावे. जाते शोधा, फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, आणि फाइलला गाव, तारीख आणि गाणारीचे पूर्ण नाव द्या. रेकॉर्डिंग ऐकवल्यावर मोठ्या आईने मला आवाज कसा आला हे विचारलेच नाही. तिने विचारले, "माझं नाव टाकलंस का रे?"