खंडेनवमीची स्लो लोकल

भारतातली पहिली प्रवासी गाडी ज्या गावाला आली ते ठाणे, आणि पुढल्याच वर्षी रूळ जिथवर पोचले ते कल्याण. या दोन्ही गावांत नाव घ्यावं असं रेल्वेचं संग्रहालय मात्र नाही. एखादा हौशी पाहुणा आला आणि ‘इथली जुनी रेल्वे दाखवा’ म्हणाला, तर त्याला न्यायचं कुठे? माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. त्याला खंडेनवमीच्या सकाळी कल्याणहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसवावं.

दसऱ्याला कचेऱ्या बंद असतात, म्हणून गाडीची पूजा आदल्या कामाच्या दिवशी उरकून घेतात. खंडेनवमी हा शस्त्रं आणि अवजारं पुजायचा दिवस. नोकरदार माणसाचं रोजचं अवजार म्हणजे त्याची ठरलेली लोकल. या पूजेला कुणाचं आमंत्रण नसतं की परिपत्रक नसतं. गेल्या महिन्यापासून वर्गणी जमवणाऱ्या बायका, पहाटे कल्याणच्या फुलबाजारातून झेंडू उचलून आणणारी एखादी तरतरीत ताई, आणि घरून आंब्याचे टाळे घेऊन येणारी तिची शेजारीण, एवढ्यांवर सगळं भागतं. मी बसले त्या लेडीज डब्यात दांड्यांना माळा गुंफून झाल्या होत्या. खिडकीशी पाटीवर सरस्वती काढून ठेवली होती आणि एकजात सगळ्या बायका मोरपंखी साड्यांत. नवरात्रीचे नऊ रंग शास्त्रात कुठे सापडत नाहीत, ते मराठी वर्तमानपत्रांनी रुजवले. पण लोकलच्या डब्यात ते आता शास्त्राहून पक्के झाले आहेत.

“कापूर लावायचा नाही हं,” एक वयस्क बाई दटावत होत्या. गाडीत ज्वलनशील काही नको, हे रेल्वेचं सांगणं त्या पाळत होत्या. आरती बॅटरीच्या दिव्यावर झाली. पुढे मोटरमनला नारळ आणि पेढे पोचवायला एक शिष्टमंडळ प्लॅटफॉर्मवरून धावत गेलं. त्यानं पेढा तोंडात टाकला, घड्याळाकडे पाहिलं आणि भोंगा दिला.

कल्याण सुटताना मला दरवेळी इथल्या इलेक्ट्रिक लोको शेडची आठवण होते. 1928 सालची ही शेड. बोरघाट आणि थळघाट या दोन्ही घाटांचे फाटे कल्याणलाच फुटतात, त्यामुळे घाटात मालगाड्या ओढणारी विजेची इंजिनं हे या गावाचं नित्याचं दृश्य होतं. त्या काळची पुढे-मागे लांब नाकाडं असलेली, मधोमध सांधे असलेली इंजिनं वळणावर अंग वाकवून चालत. इथली माणसं त्यांना खेकडा म्हणत. याच जातीचं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं इंजिन बघायचं तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावं लागतं. खेकडा कोकणच्या तोंडाशी वाढला आणि मुक्कामाला राहिला चाणक्यपुरीत. हे मला काही केल्या पटत नाही.

ठाकुर्लीला चोळ्याचं पॉवर हाऊस. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं घाटातल्या विजेच्या गाड्यांसाठी स्वतःची वीज स्वतः करायचं ठरवलं, तेव्हा हे केंद्र उभं राहिलं. पुढे ते बंद पडलं. गाडीतल्या तरुण मुलींना तिथे काय होतं ते ठाऊक नव्हतं. वयस्क बाईंना मात्र धुराड्यांची आठवण होती. “आमच्या वेळेला लांबून धूर दिसला की समजायचं, ठाकुर्ली आली,” त्या म्हणाल्या. संग्रहालयाच्या भिंतीवर पाटी लावायची तर हेच वाक्य लिहावं लागेल, पण भिंत आहे कुठे?

डोंबिवलीला डबा भरला म्हणण्यापेक्षा ठासला गेला. इथून चढणाऱ्यांना पूजेचा प्रसाद हातात घ्यायलाही हात मोकळा नव्हता; शेवटी पेढे तोंडात भरवले गेले. शेजारच्या पुरुषांच्या डब्यातून टाळ-ढोलकी ऐकू येऊ लागली. लोकलमधली भजनी मंडळं हा या मार्गाचा जुना उपक्रम. बाहेरच्याला वाटतं ही करमणूक आहे. तीही आहेच, पण रोज त्याच डब्यात त्याच जागी उभं राहणाऱ्या माणसांचं ते एक हजेरीपत्रकही असतं. एखादा गायक दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा 1999 साली याच डोंबिवलीतून सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. लोक जमवायचे कसे, हे या गावाला प्लॅटफॉर्मवर उभं राहून शिकता आलं असावं, असा माझा संशय आहे.

दिवा मागे पडलं की गाडी मुंब्र्याच्या डोंगराकडे वळते. डोंगरावर मुंब्रादेवी, पायथ्याला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ. 1916 साली या पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा काढला, तेव्हा मुंबईकडे जायचा रस्ता सरळ झाला. माझ्या पिढीला फास्ट गाडीतला तो काळोख पाठ आहे. लहान मुलं बोगद्यात शिरताच एकसुरात ओरडायची. 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर तो बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि लोकलवाल्यांचा काळोख संपला.

मुंब्र्याच्या वळणावर डबा जरा शांत झाला. 9 जून 2025 च्या सकाळी इथेच भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. झेंडूची माळ दाराच्या दांड्यालाही होती. एक मुलगी दारातून आत सरकली, दुसरीनं तिच्या पर्सचा पट्टा धरला. पूजा ज्या गाडीची, भीतीही तिचीच; याबद्दल डब्यात कुणी भाषण केलं नाही.

कळव्यानंतर खाडीचा पूल. रूळ ठाण्याच्या पुढे न्यायचे तर ही खाडी ओलांडणं हेच मोठं काम होतं. ते उरकून 1 मे 1854 रोजी गाडी कल्याणला पोचली. आपण इतिहास उलट्या अंगानं येत होतो, म्हणून पूल ओलांडला की एक वर्ष मागे: 16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. चौतीस किलोमीटर तोडायला तास-सव्वा तास लागला. आजची स्लो लोकलही सीएसएमटी ते ठाणे जवळजवळ तासभरच घेते. मधे थांबे कितीतरी वाढले, हे मान्य. तरी हे सांगितलं की डब्यात हमखास हशा पिकतो.

ठाण्यात दर 16 एप्रिलला प्रवासी संघटनांचे कार्यकर्ते स्टेशनात रेल्वेचा वाढदिवस साजरा करतात. केक कापला जातो आणि जाता-येता थांबणाऱ्यांना मिठाई मिळते. कल्याणचा वाढदिवस साजरा झालेला मी तरी पाहिला नाही. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत तो हरवत असावा. पहिल्या गाडीच्या पाहुण्यांमध्ये जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. 1845 साली जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह रेल्वेसाठी संस्था काढणारे नाना 1803 मध्ये जन्मले ते मुरबाडला, कल्याणपासून फार लांब नाही. त्या मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. पहिली गाडी धावल्यावर वर्षभरात कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ लिहून काढलं, म्हणजे कुतूहल तेव्हाही कमी नव्हतं. आपल्याकडे उत्साह पुष्कळ, वस्तू जपायची सवय कमी. माळा दुसऱ्या दिवशी काढून टाकल्या जातात, केक संपतो, आणि जुना सिग्नल, लोखंडी तिकीट-शिक्का, कंदील भंगारात जातात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींच्या हौशीतून छोट्या रेल्वेंचं संग्रहालय 1998 साली उभं राहिलं. एका घराला जमलं ते लाखो पासधारकांना का जमू नये?

ठाण्याला उतरायच्या आधी मी डब्यात विचारलं, सीएसएमटीच्या इमारतीत रेल्वेचं वारसा संग्रहालय आहे, ते कुणी पाहिलंय? रोज त्याच इमारतीत उतरणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ते कामाच्या दिवशी दुपारी काही तास उघडतं, हे सांगितल्यावर माळ बांधणारी ताई म्हणाली, “म्हणजे आम्ही ऑफिसात फाइली हलवत असताना. बरं सुचलंय कुणाला!”

वयस्क बाईंनी हिशोब केला. दिवाळीनंतर अर्धा दिवस रजा टाकायची, जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी भेटायचं, पैसे वर्गणीतून. त्यांनी तो बेत तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. गाडी ठाण्यात शिरेपर्यंत चार-पाच जणींचे अंगठे आले होते, आणि एकीचा प्रश्न: ‘पूजेची साडी नेसायची का?’