पेपरात नाव

एप्रिलमध्ये माझा पहिला रिसर्च पेपर छापून आला. आईने ही बातमी कुंपणावरूनच शेजारच्या काकूंना दिली. काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या पेपरात गो? सकाळ की तरुण भारत?"

आमच्या घरात पेपर दोनच. एक रोज सकाळी येतो तो, आणि दुसरा मार्चमध्ये द्यायचा असतो तो. हा तिसरा पेपर आला म्हणून पगार वाढत नाही, टीव्हीवर काही दाखवत नाहीत, मग त्यासाठी पोरगी चार वर्षं का झुरते, हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. मलाही ते उशिराच कळलं म्हणा.

मी सड्यावरच्या डबक्यांवर काम करते. रत्नागिरीकडचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट माळ, मे महिन्यात तव्यासारखं तापणारं. जूनमध्ये चांगले दोन-तीन पाऊस झाले की दगडातल्या खळग्यांत पाणी साठतं आणि काही दिवसांत त्यात बोटाच्या पेराएवढे, जवळजवळ पारदर्शक जीव उताणे पोहायला लागतात. फेअरी श्रिंप. पाणी आटायच्या आत वाढायचं, अंडी घालायची आणि संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. अंडी तळाच्या मातीत सुकून पडतात, वर्षानुवर्षं तशीच टिकू शकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. मी ती माती गोळा करते, लॅबमध्ये भिजवते आणि किती दिवसांनी किती जीव बाहेर येतात ते मोजते.

तिसऱ्या वर्षापर्यंत हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये होतं आणि जगात तिघांनाच माहीत होतं. मला, माझ्या गाईडना आणि लॅबच्या मामांना, कारण मी वाळत घातलेली माती ते कचरा समजून दोनदा फेकून आले होते.

काम बाहेर न्यायच्या वाटा तशा पुष्कळ दिसतात. रोज मेल येतात. 'आदरणीय प्राध्यापक महोदय' अशी सुरुवात असते. मी सव्वीस वर्षांची, फेलोशिप चार महिने थकलेली, आणि मला हृदयरोगाच्या परिषदेत प्रमुख वक्ता म्हणून बोलावलेलं. शिवाय जर्नल्स. आज पेपर पाठवा, तीन दिवसांत स्वीकारू, पाचव्या दिवशी छापू, फी अडीच हजार, सोबत रंगीत सर्टिफिकेट. माझ्या एका मैत्रिणीने असा पेपर छापला. तिला हसायची माझी हिंमत नाही. ती तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आठवड्यातले सगळे दिवस वर्गावर असते, लॅबच्या नावाखाली दोन कपाटं आहेत आणि मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'पब्लिकेशन्स किती?' 'त्यात काय लिहिलंय' असं तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. मग तिनेही 'किती'चीच सोय केली.

दुसऱ्या टोकाला मोठी जर्नल्स. तिथला लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा असं वाटत असेल, तर पैसे लेखकाने भरायचे. 'नेचर'ने ही सोय सुरू केली तेव्हा दर होता ९,५०० युरो. त्या पैशांत माझी दोन वर्षांची फेलोशिप बसते, वेळेवर आली तर.

या दोन टोकांच्या मध्ये परिषद असते. मी पहिल्यांदा पोस्टर घेऊन गेले ती एका मोठ्या शहरातली राष्ट्रीय परिषद. पोस्टर छापायला आमच्या इथल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले, तर त्याने सवयीने विचारलं, "ताई, वाढदिवस कुणाचा? फोटो वर घ्यायचा की मधे?" फाइल बघून म्हणाला, "हे कोण वाचणार एवढं?" त्याच्याइतका प्रामाणिक परीक्षक मला नंतर मिळाला नाही.

पोस्टरं जेवणाच्या मांडवाच्या वाटेवर लावलेली. लोक येत, थांबत, आणि मागे पुलावाची रांग किती झालीय ते बघून पुढे जात. एकाने माझ्या स्टँडच्या कडेवर गुलाबजामची वाटी ठेवली आणि फोनवर बोलत निघून गेला. परीक्षक आले, तीस सेकंद थांबले, 'छान, छान' म्हणाले. हॉलच्या आत, स्टेजवर, माझे सर माझ्याच आलेखांवर बोलत होते. माझं नाव शेवटच्या स्लाइडवर, 'आभार'मध्ये, सहाव्या ओळीत.

सरांबद्दल एवढंच सांगितलं तर अन्याय होईल. मायक्रोस्कोपसाठी ते तीन वर्षं भांडले होते. पहिल्या पावसाळ्यात माझ्याबरोबर सड्यावर भिजत फिरले होते. विद्यार्थ्याने पोस्टर लावायचं आणि सरांनी बोलायचं, असंच त्यांच्याही वेळी होतं आणि त्यांना त्यात काही खटकत नव्हतं. मला खटकत होतं. पण बोलले नाही.

चारच्या चहानंतर मांडव रिकामा झाला तेव्हा एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला शबनम. त्यांनी पोस्टर वाचलं. म्हणजे खरंच वाचलं. आलेखाच्या अक्षांवरचे आकडेसुद्धा, चष्मा वर करून. मग म्हणाल्या, "बाळ, माती एकदा भिजवून थांबलीस?"

मी हो म्हटलं.

"जी अंडी फुटली नाहीत, ती मेलेली होती हे कशावरून? परत सुकवून परत भिजवून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. तीन वर्षांत ते सुचलंच नव्हतं. सगळी अंडी पहिल्याच पाण्याला फुटली आणि पाऊस मधेच दडी मारून बसला, तर सगळा वंश बुडाला. म्हणून काही अंडी मागे राहत असणार. पुढल्या पावसाची वाट बघत. त्यांच्या एका प्रश्नाने माझा अर्धा पोस्टर कच्चा ठरला आणि मला इतका आनंद झाला की रडू येईल की काय वाटलं. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं, मी नावही ऐकलं नाही.

त्या निवृत्त संशोधक होत्या. चहा पिता पिता मी आभारातल्या सहाव्या ओळीचं दुखणं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुभाष मुखोपाध्याय माहीत आहेत?"

'एक डॉक्टर की मौत' हा पंकज कपूरचा सिनेमा माहीत होता, पण तो ज्यांच्यावरून सुचला त्यांची गोष्ट मी त्या रात्री परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर, फोनच्या उजेडात वाचली.

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मली. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात दुसरी जन्मली. डॉ. मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मोजक्या साधनांवर हे केलं होतं. भ्रूण गोठवून ठेवून नंतर गर्भाशयात सोडण्याची पद्धत त्यांनी वापरली होती. आज ही पद्धत जगभर रोजची आहे. तेव्हा ती कुणाला खरी वाटली नाही. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. त्या समितीत या विषयात स्वतः काम केलेलं कुणी नव्हतं. समितीने दावा खोटा ठरवला. जपानहून आपलं काम मांडायला बोलावणं आलं, तर जायची परवानगी नाकारली. पुढे त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आयुष्य संपवलं.

मी पुनःपुन्हा अडखळत होते ती जपानच्या परवानगीपाशी. तिथे त्यांच्यासमोर ते लोक बसले असते, ज्यांना या विषयातला नेमका प्रश्न विचारता आला असता. कदाचित वाभाडेही काढले असते. पण ते कामाचे काढले असते. इथे समितीने माणसाचे काढले. त्यांनी छापलेलं एक टिपण होतं, पण ते अतिशीत तापमानाच्या विज्ञानाला वाहिलेल्या भारतीय जर्नलमध्ये. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या वाचनात ते यायचं कसं?

गोष्टीचा पुढचा भाग मुंबईतला आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे यश. देशाची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंद तिचीच झाली. अकरा वर्षांनी आनंद कुमार यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणं आली. त्यांनी ती बसून वाचली. मग १९९७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. म्हणजे माझा नाही.

मला हे अजून नीट पचलेलं नाही. स्वतःच्या नावापुढचं 'पहिला' कुणी आपल्या हाताने खोडतं का? त्यांना कुणी विचारायला आलं नव्हतं. टिपणं परत करून गप्प बसता आलं असतं. वाचता येणारा माणूस वाचायला बसला, एवढंच घडलं, सोळा वर्षं उशिरा. मला सहाव्या ओळीचं दुःख होतं. ते त्या रात्री गेलं नाही, मी काही संत नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं: माझं काम वाचू शकतील अशी माणसं कुठे आहेत आणि त्यांच्यापर्यंत ते न्यायला मी काय केलं?

पुढचं वर्ष मी तीच माती सुकवण्यात आणि भिजवण्यात घालवलं. दुसऱ्या पाण्याला नवे जीव आले. तिसऱ्यालाही, थोडे. मामांनी या वेळी स्वतःहून ट्रेवर पाटी लावली, 'कचरा नाही'.

मग मी सरांकडे प्रीप्रिंटचा विषय काढला. जर्नलचे परीक्षक वाचायच्या आधीच पेपर सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. भौतिकशास्त्रवाल्यांनी 'आर्काइव्ह'वर हे १९९१ पासून चालवलंय, जीवशास्त्रवाल्यांचं 'बायोआर्काइव्ह' २०१३ चं. ठेवायला पैसे लागत नाहीत. सर म्हणाले, "आणि कुणी चोरलं तर?" मी म्हटलं, "सर, त्यावर तारीख पडते. एक्सेलवर कुणाची तारीख आहे?" ते बराच वेळ गप्प बसले. लेखकांची नावं कुठल्या क्रमाने लिहायची हा प्रश्न माझ्या पोटात होता, तोंडात नव्हता. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला, माझं नाव वर ओढलं, आपलं खाली ठेवलं, आणि म्हणाले, "पुढच्या परिषदेत तूच बोल. मला आता ती दोन-तीन पाण्यांची भानगड नीट सांगताही येत नाही."

सात आठवडे काही झालं नाही. लोक फार काम करतात, डबक्यांकडे कोण बघणार. मग एक मेल आला, 'आदरणीय प्राध्यापक' नसलेला. दुसऱ्या राज्यातली एम.एस्सी.ची मुलगी होती. तिने विचारलं होतं की मी माती सावलीत सुकवली की उन्हात, कारण तिच्याकडची अंडी फुटतच नाहीत. मी तिला तीन पानी उत्तर लिहिलं. तिचं नाव पेपरच्या आभारात आहे, दुसऱ्या ओळीत, कारण तिच्यामुळे मला पद्धतीचा तो परिच्छेद नव्याने लिहावा लागला. शबनमवाल्या बाईंचं पहिल्या ओळीत.

परवा घरी आले. पाऊस सुरू झालाय. आईने पेपरची प्रिंट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून टीव्हीखाली ठेवलीय. काकू आल्या, त्यांनी फोल्डर उघडून पानं उलटली. "तुझा फोटो नाय?"

"नाही हो काकू. हा बघा, याचा आहे." मी आकृती दाखवली. फेअरी श्रिंप, दहापट मोठा केलेला.

काकूंनी पान लांब धरलं, मग जवळ आणलं. "हे उताणे पोहतात ते ना?"

मी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, तिने काही सांगितलं नव्हतं.

"आमच्या चिरेखाणीत असतात हे. जुन्या, बंद पडलेल्या. पण तिथं माती कुठाय गो, नुसता दगडाचा चुरा. मग तुझी ती अंडी राहतात कशात?"

खाणी मी बघितलेल्याच नाहीत. चार वर्षं मी फक्त सड्यावरचे नैसर्गिक खळगे मोजत होते.

उद्या सकाळी सहाला निघायचं ठरलंय. रिक्षा काकूंनी सांगून ठेवलीय. बरण्या मी धुऊन पालथ्या घातल्यात.