हरसूलच्या रस्त्यावर एक सेकंडहँड एक्सपल्स

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकदा नीट नजर टाका. उंच मडगार्ड, बटन टायर, टाकीवर डोंगराचं स्टिकर... अशी एखादी तरी गाडी असतेच. आणि बहुतेक वेळा तिच्यावर चिखलाचा ठिपकाही नसतो. बिचारीचं सगळं ॲडव्हेंचर कॉलेज रोडच्या सिग्नलवर! म्हणून तर सेकंडहँड ड्युअल-स्पोर्ट घ्यायची म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात : शहरात वापरलेली, कमी रनिंगची बघ. मी नेमकं उलट केलं. गाडी बघायला थेट हरसूल गाठलं.

हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्याचं पश्चिमेचं टोक. नाशिकहून गिरणारेमार्गे साधारण ५०-५५ किलोमीटर. गिरणाऱ्यापर्यंत टोमॅटोचे मळे, मग काश्यपी धरणाचं पाणी, आणि त्यानंतर वाघेऱ्याचा घाट. घाट उतरलात की हवा बदलते, भाषा बदलते, शेतंही बदलतात. द्राक्षं मागे राहतात. भात, नागली आणि वरई सुरू होते. कोकणा, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांचा हा मुलूख. उन्हाळ्यात इथे बोहाड्याचे मुखवटे नाचतात. पलीकडे गुजरात. त्यामुळे पेठेत एमएच-१५ आणि जीजे-१५ शेजारी-शेजारी उभ्या दिसतात. नाशिकही पंधरा, वलसाडही पंधरा! सप्टेंबरात गेलात तर एसटीच्या खिडकीतून नुसता हिरवा रंग. मी एसटीनेच गेलो, कारण परत येताना चाकं आपली असावीत अशी इच्छा होती.

आता गाडीचं. डांबरावर नीट चालेल आणि मातीतही रडणार नाही, अशी स्वस्त बाईक आपल्याकडे फार उशिरा आली. परदेशात कावासाकीची केएलआर ६५० ही १९८७ पासूनची. आपल्याकडे हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ब्राझीलच्या होंडा ब्रॉसवर बेतलेली. दीडशे सीसी, वजनाला हलकी, पण फार कुणी घेतली नाही आणि काही वर्षांत ती बंद पडली. आज स्वस्तात मिळते, मात्र तिचे प्लास्टिकचे भाग शोधता शोधता वीकेंड संपतात. २०१६ ला रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ आली. लांबच्या प्रवासाला झकास, पण वजन दोनशे किलोच्या घरात. चिखलात आडवी झाली तर उचलायला मित्र सोबत हवा. मग मे २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, वजन दीडशेच्या थोडं वर. नवी होती तेव्हा कार्बोरेटरवाली ९७ हजारांना आणि फ्युएल इंजेक्शनवाली १ लाख ५ हजारांना होती, शोरूमच्या दरात. माझं बजेट पंचाहत्तर हजार. दिवाळीचा बोनस आणि वर्षभर साठवलेले पैसे, बस्स. कर्ज काढायचं नाही, हे घरच्यांना दिलेलं वचन.

एक सावधगिरी. एक्सपल्स २०० आणि एक्सपल्स २००टी या दोन वेगळ्या गाड्या! टी म्हणजे टुरिंग : अलॉय चाकं, कमी उंची, डांबरावरची गाडी. विकणारे 'एक्सपल्स' एवढंच सांगतात. फोटोत तारांची चाकं दिसली तरच फोन करा.

मी फोन केला तो एका गुरुजींना. हरसूलजवळच्या एका पाड्यावर शाळा, खोली हरसूलमध्ये. रोज जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, त्यातले सात मातीचे. २०२० च्या जानेवारीत नोंदलेली, बीएस-४, कार्बोरेटरवाली, रनिंग ४१ हजार. 'विकताय का, सर?' हा माझा पहिला प्रश्न. सेकंडहँड गाडीत याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. 'बदली झाली ना भाऊ, सपाटीवर. तिकडे स्कूटर पुरते. आणि मुलीचं कॉलेज सुरू झालंय.' सरळ उत्तर. ते पुढे म्हणाले, 'पावसात जीप येत नाही पाड्यावर. ही बंद पडली तर शाळा बंद.' आपण जिला वीकेंडचं खेळणं समजतो, ती तिथे हजेरीपटावरची गाडी होती. अशा माणसाने सर्व्हिसिंग टाळलेलं नसतं. वहीत तारखेसह ऑईल बदलल्याच्या नोंदी होत्या, अक्षर अर्थातच सुंदर!

चहा झाल्यावर मी बाह्या वर केल्या. आधी सायलेन्सरला हात लावून बघितला : थंड. काही विक्रेते गाडी आधीच गरम करून ठेवतात, कारण इंजिनाची खरी कुरकुर गारठ्यात ऐकू येते. चोक ओढून दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. धूर नाही. मग खाली वाकलो. इंजिनाखालच्या पत्र्यावर दगडांचे ठोके होते, ते असणारच. पण फ्रेमच्या सांध्याला तडा किंवा नवा रंग नव्हता. ताजा रंग दिसला तर सरळ एसटी पकडा. चाकाच्या तारा स्क्रूड्रायव्हरने एकेक वाजवून पाहिल्या. घट्ट तार टणटणते, सैल तार भदभदते. मागच्या दोन सैल निघाल्या. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर ऑईलची ओल : सील गेलेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं तर मध्यावर खट्टकन अडकलं. म्हणजे कोनसेट संपलेला. अशा रस्त्यावर पाच-सहा वर्षांत तो संपतोच. चेनकीटचे दात आकड्यासारखे वाकलेले. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचा टायर नवा होता, पुढचा बदलायच्या बेतात.

मग राईड. आधार कार्ड आणि बॅग त्यांच्या ओट्यावर ठेवून पाड्याच्या रस्त्याला लागलो. ८२३ मिलिमीटरची सीट. माझी उंची पाच फूट पाच. टेकायला फक्त चवडे! चढावर मुद्दाम थांबून पुन्हा उचलली, कारण उंच गाडीवर तोल तिथेच जातो. उभं राहून खड्डे घेतले, उतारावर नुसत्या गिअरवर सोडली, ओढ्याच्या ओल्या दगडांवरून नेली. गिअर सुटला नाही, क्लच घसरला नाही. ऐंशीच्या पुढे हँडल थरथरतं, पण ऐंशीच्या पुढे जायचंय कुणाला? वाटेत दोन पोरं 'गुर्जी!' म्हणून धावली आणि हेल्मेटमध्ये भलताच चेहरा बघून थबकली.

कार्बोरेटर मला मुद्दाम हवा होता. इंजेक्शनवाली गाडी थंडीत छान सुरू होते, मायलेजही बरं; पण तिचा सेन्सर रुसला तर स्कॅनरवाला गॅरेज शोधा. कार्बोरेटर आडगावचा मिस्त्रीही खोलून, फुंकर मारून बसवतो.

मागणी होती ८२ हजार. मी कोनसेट, सील, चेनकीट आणि पुढच्या टायरचा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवला. पाडून मागण्यापेक्षा हे बरं, विशेषतः समोर गणिताचे शिक्षक असतील तर. त्यांनी बेरीज तपासली, मजुरीत मी दोनशे जास्त धरले होते ते कमी केले आणि ७४ वर व्यवहार ठरला.

कागदपत्रांत मात्र घाई नको. आरसीवरचा चासीस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. एमपरिवहनवर नंबर टाकून कर्जाचा बोजा दिसतो का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ई-चलान थकलेलं नाही ना, विमा आणि पीयूसी चालू आहे ना, हेही. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, ते विचारा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पैसे मी ओट्यावर बसूनच खात्यात टाकले. नावावर चढेपर्यंत विकणाऱ्याचाही जीव टांगणीला असतो. उद्या मी कुणाला धडक दिली तर नोटीस गुरुजींच्या दारात. म्हणून दुसऱ्याच सोमवारी आरटीओत दोघं एकत्र गेलो.

निघताना त्यांनी डिकीतून, म्हणजे खरं तर सीटखालून, एक पिशवी काढून दिली : क्लच वायर, एक ट्यूब, पंक्चरचं सामान. 'वाघेऱ्याच्या घाटात रेंज नसते,' म्हणाले. मग चावीतून शाळेच्या कपाटाची किल्ली वेगळी करायला त्यांना बराच वेळ लागला. अंधाराआधी घाट चढायचा होता, पण मी घाई केली नाही.