कागद आहे का?

आमच्या ऑफिसात चाव्यांचं एक लोखंडी कपाट आहे. लंडनच्या एका उपनगरातली कौन्सिल, म्हणजे आपली महापालिकाच समजा. तिच्या ‘ॲडल्ट सोशल केअर’ खात्यात मी काम करते. अठरा वर्षांपुढचे जे कुणी स्वतःचं स्वतः करू शकत नाहीत, म्हातारे, अपंग, मनाने आजारी, त्यांची व्यवस्था लावणारं हे खातं. माझं पद ‘बिझनेस सपोर्ट ऑफिसर’. सांगलीला आईला मी सरळ ‘कारकून’ सांगितलं, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

कपाटातल्या प्रत्येक चावीला फक्त नंबर असतो. नाव नाही, पत्ता नाही. चावी हरवली तरी कुणाला दार सापडू नये. ही सगळी एकट्या राहणाऱ्यांची घरं. माणूस अचानक हॉस्पिटलात गेला आणि मागे बघणारं कुणी नसलं, तर त्याच्या घराची आणि सामानाची राखण करणं 2014 च्या केअर ॲक्टच्या 47 व्या कलमाने कौन्सिलवर बंधनकारक आहे. त्यात पाळलेली जनावरंही आली.

अशा घरात एकट्याने जायचं नसतं. सोबत दुसरं माणूस लागतं, म्हणून सोशल वर्करबरोबर मला नेतात. एका आजोबांच्या फ्लॅटमध्ये गेलो होतो. जिन्यात पडून ते हॉस्पिटलात गेले होते. दार ढकलायला जोर लागला, कारण आत टपालाचा ढीग. बिस्किटाच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, रबर लावलेल्या नोटा निघाल्या. एकीने मोजायच्या, दुसरीने पुन्हा मोजायच्या, पाकिटात घालून चिकटवायच्या आणि जोडावर दोघींनी सह्या करायच्या. त्यात 20 पौंडांच्या जुन्या कागदी नोटाही होत्या. 2022 च्या सप्टेंबरनंतर त्या दुकानात चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंड मात्र अजून बदलून देते. त्यांची यादी वेगळी केली. पलंगाखाली मांजर होतं. ते काही केल्या बाहेर येईना, शेवटी टूनाच्या वासावर आलं. त्याला मांजरांच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. त्याचा खर्च आजोबांकडून वसूल करायची मुभा कायद्यात आहे, आणि ते बिलही मीच तयार केलं. मांजराच्या बिलावर त्या आजोबांचं नाव टाइप करताना विचित्र वाटलं होतं, हे खरं.

‘तिकडे काय, म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं,’ हे सुट्टीवर गेलं की हमखास ऐकायला मिळतं. अर्धंच खरं आहे ते. इथे डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, पण आंघोळ घालायला, भरवायला, कूस बदलायला येणाऱ्या बाईचे पैसे ऐपतीप्रमाणे भरावे लागतात. इंग्लंडमध्ये 23,250 पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असली तर खर्च सगळा तुमचा. 14,250 च्या खाली असली तर शिल्लक मोजत नाहीत, फक्त उत्पन्न मोजतात. मधल्या रकमेवर दर 250 पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरतात. हे आकडे 2010 पासून तसूभर हललेले नाहीत. महागाई कुठे गेली, ते वाचकांना सांगायला नको. माणूस कायमचा केअर होममध्ये गेला, तर राहतं घरही हिशेबात येतं. नवरा किंवा बायको त्यात राहत असेल तर येत नाही, आणि पहिले बारा आठवडे तसेही सोडतात. आयुष्यभरात कुणालाही 86,000 पौंडांपेक्षा जास्त भरावे लागणार नाहीत, अशी घोषणा 2021 मध्ये झाली, ती पुढे ढकलली गेली आणि 2024 च्या जुलैमध्ये रद्दच झाली. त्या दिवसांत फोनवर शिव्या खाल्ल्या त्या आम्ही. घोषणा करणाऱ्यांपर्यंत फोन पोचत नाहीत.

फोनवर बहुतेक मुली असतात. मुलगेही असतात, पण थोडे. नोकरी, स्वतःची पोरं आणि आईची औषधं यांत पिचलेल्या. हे सगळं बोलून झालं की मी विचारते, “तुमचं स्वतःचं असेसमेंट झालंय का?” सांभाळणाऱ्याच्याही गरजा तपासून घ्यायचा हक्क याच कायद्यात आहे. पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.

शुक्रवारी दुपारनंतर खरी तारांबळ. हॉस्पिटलला शनिवार-रविवारच्या आधी खाटा रिकाम्या हव्या असतात. अमुक आजींना आज संध्याकाळी घरी सोडतोय, दिवसातून चार वेळा माणूस पाठवा. सोशल वर्करने निर्णय घेतला, तरी कॉम्प्युटरवर ऑर्डर पडल्याशिवाय एजन्सी माणूस हलवत नाही. ती ऑर्डर मी टाकते. मग की-सेफचा नंबर. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची एक डबी असते, तिच्यात घराची चावी. एक आकडा चुकला की केअरर बाहेर थंडीत उभी आणि आजी आत पलंगावर, उठून दार उघडायची ताकद नाही. म्हणून मी नंबर फोनवर सांगते आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेते. पत्ता आणि नंबर एकाच ईमेलमध्ये कधीच नाही. बाहेर उभी राहणारी ती केअरर केरळची असते, झिंबाब्वेची असते. एका भेटीचे पैसे मिळतात, दोन घरांमधल्या बसच्या वेळेचे मिळत नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार. जुलै 2025 पासून परदेशातून नव्याने केअरर आणायचा व्हिसाच बंद झाला आहे. जागा भरणार कोण, याचं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही.

या कामातला मला जड जाणारा भाग म्हणजे मीटिंगची टिपणं. एखाद्याला मारहाण किंवा हेळसांड होते आहे असा संशय आला की 42 व्या कलमाखाली चौकशी होते. माणसाच्या आकृतीचा एक छापील कागद असतो. पुढून आणि मागून, नाक-डोळे नसलेली बाह्यरेषा. वळ कुठे आहेत ते नर्सने पेनाने त्यावर दाखवलेलं असतं. तो कागद स्कॅन करायचा आणि मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं तेवढंच लिहायचं. ‘मुलगा म्हणाला, की आई पलंगावरून पडली.’ बस्स. तो बोलताना कुणाकडे बघत नव्हता, हे टिपणात बसत नाही. नियम कठोर आहे, आणि मला तो पटतो.

एकदा फोनवर माझं आडनाव ऐकून पलीकडचे गृहस्थ मराठीत आले. “ताई, बरं झालं तुम्ही भेटलात. वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. मी एकुलता एक. त्यांच्या वतीने सह्या मीच करणार ना?”

“दादा, लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी केलीय का त्यांनी?”

“मुखत्यारपत्र आहे की! पुण्याच्या फ्लॅटसाठी नोटरी केलेलं.”

ते उपयोगाचं नव्हतं. साधं मुखत्यारपत्र, तिकडचं असो की इकडचं, माणसाची समज गेली की संपतं; लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी तेवढी पुढेही चालते. त्यातून पुण्याचा फ्लॅटही हिशेबात दाखवावा लागतो, हे सांगितल्यावर त्यांचा आवाज चढला. “मी मुलगा आहे हो! मुलाला कागद मागता?” बँकेनेही त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. वडील सही करायला तयार होते, पण कशावर सही करतोय हे त्यांना समजत नव्हतं. मग उरतो तो अधिकार कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडून मागून घ्यायचा रस्ता: अर्ज, फी आणि महिनोन्‌महिने वाट. तोवर वडिलांनी कुठे राहायचं याबद्दल मुलाला विचारलं जाणार होतं, पण शेवटचा शब्द त्याचा असणार नव्हता.

ते चिडले, ते साहजिक होतं. तरी आमचा प्रश्न बरोबर आहे असं मी म्हणेन, कारण त्या आकृतीवरचे वळ मी स्कॅन केलेत आणि तिथेही पुष्कळदा माणूस म्हणालेला असतो, ‘मी मुलगा आहे.’

इंग्लंडात ज्यांचे आईवडील आहेत, किंवा जे स्वतःच इथे म्हातारे होणार आहेत, त्यांनी हे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नीचं काम समज शाबूत असतानाच उरकावं. दोन अर्ज असतात, एक पैशाअडक्याचा आणि एक प्रकृतीचा, दोन्ही भरावेत. वकील लागतोच असं नाही. सरकारी फॉर्म आहे, साक्षीदार लागतात, आणि सही करणाऱ्याला सगळं समजतंय असं लिहून देणारी एक त्रयस्थ व्यक्ती लागते. तुम्हाला दोन वर्षं ओळखणारा मित्रही चालतो. पब्लिक गार्डियनच्या ऑफिसात नोंदणी झाल्याशिवाय तो कागद वापरता येत नाही आणि नोंदणीला वेळ लागतो, म्हणून या दिवाळीला सगळे एकत्र आलात की फराळाआधी फॉर्म काढा.